परक्या गावात वाजवलेली घंटा

मुलीला आणि नातीला बरोबर घेऊनच परत यायचं, हे मी उज्जैनहून निघतानाच पक्कं करून टाकलं होतं. आमच्या ह्यांनी माधव नगरच्या घरातली मागची खोली रंगवून घेतली होती, खिडक्यांना जाळ्या बसवल्या होत्या, मालिशवाल्या बाईशी बोलणीसुद्धा झाली होती. राहिलं होतं एवढंच, की मुलगी हो म्हणत नव्हती.

ती वर्षं अशी होती, की आपल्याकडे एकाएकी परदेशी कंपन्यांचं वारं सुटलं होतं. टावर चौकात रंगीत टीव्हीची नवी नवी दुकानं लागत होती, ज्याच्या त्याच्या तोंडी फॉरेन. जावई पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनीअर. त्या कारखान्याने ऑस्ट्रियातल्या एका कारखान्याशी हातमिळवणी केली आणि जावयांना दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं. लोक म्हणाले, भाग्य काढलंत हो! मी पेढे वाटले. नंतर कळलं, की कारखाना खाली दरीत आहे आणि घर मिळालंय ते पार वर, डोंगरातल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला. त्यात मुलीला दिवस गेलेले. पेढे वाटल्याचा मला चांगलाच पस्तावा झाला.

शाळेतून नुकतीच रिटायर झाले होते, तेव्हा बाळंतपणाला मीच गेले. डिंक, मेथी, खारीक, ओवा, बाळंतशेपा, सगळं बॅगेत भरून. मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या आणि मी सव्वा महिन्याचा पहारा सुरू केला. सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्या माणसाने पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. माझ्या आईने पाळला, मी पाळला, आणि ऑस्ट्रिया झालं म्हणून मी तो सोडणार होते थोडीच. त्या दिवसांत मी स्वतःही घराबाहेर पडले नाही. लाडू, शेक, मालिश, बाळाची आंघोळ, धुरी. फुरसत होती कुणाला? गाव मला दिसायचं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तेवढंच.

आणि जे दिसायचं त्याने माझा जीव घाबरा व्हायचा. सुनसान. जावई सकाळी गाडी घेऊन खाली जायचे ते संध्याकाळी यायचे. दिवसभर माझी पोर आणि ते एवढंसं बाळ. हिवाळ्यात म्हणे बर्फाने रस्ता बंद होतो. व्हिसा संपला की मी जाणार, मग पुढे काय?

सव्वा महिना संपला त्या सकाळी पुन्हा तोच विषय निघाला. जावई दुसऱ्या दिवशी खाली शहरात जाऊन तिकिटं काढणार होते. एक की दोन, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

"इथे रात्री-बेरात्री काही झालं तर हाक कोणाला मारशील?" मी विचारलं.

"आहेत ना आई लोक."

"कुठे आहेत? सव्वा महिना झाला, एक माणूस बाळाला बघायला फिरकलं नाही. घरमालकीण खाली राहते, तिला एक जिना चढून यावंसं वाटलं नाही. आपल्या माधव नगरात मांजर व्याली तरी चार बाया बघून जातात!"

ती काही तरी बोलणार होती, पण मी बोलू दिलं तर ना. मी म्हटलं, चल घरी, वर्षभर राहा, बाळ जरा अंगाने भरलं की ये परत. ती म्हणाली, ते इथे एकटे राहतील, आणि मलाही हे गाव आवडतं. मग चिडून म्हणाली, "तू गाव पाहिलंयस तरी का? एकदा फिरून ये. मग काय ते ठरव."

ठीक आहे, म्हटलं. साडीवर जावयांचा स्वेटर चढवला, पायात उज्जैनहून आणलेले कॅनव्हासचे बूट घातले आणि निघाले. खरं सांगते, गावाला नावं ठेवायलाच निघाले होते.

पण नावं ठेवायची कशाला, हेच कळेना. जिना उतरले तर समोर गोठा. घराला चिकटून, त्याच छपराखाली. आणि वास नाही! मागे शेणाचा ढीग होता, तोसुद्धा चौकोनी, कडा चापूनचोपून सरळ केलेल्या. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात बुंदीच्या लाडवांची रास इतकी नेटकी रचत नाहीत. मी दोन मिनिटं त्या शेणाकडेच बघत उभी राहिले. भिंतीला लागून सरपणाची चळत होती, जमिनीपासून थेट छपरापर्यंत, एकही ओंडका पुढे आलेला नाही की मागे गेलेला नाही. मधे खिडकी आली तर तिच्याभोवती जागा सोडून चळत वर गेलेली. कोणाला दाखवायला नाही हो, हिवाळ्यात जाळायलाच. जाळायची वस्तू इतकी मन लावून रचायची, हे मी पहिल्यांदा बघितलं.

पुढे रस्त्याच्या कडेला एक अख्खं झाडाचं खोड कोरून हौद केलेला. त्यात नळातून पाणी पडतंय, भरतंय, वाहून चाललंय. मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येणार, त्यासाठी पहाटे उठून बसायचं, आणि इथे ही उधळपट्टी! तोटी शोधायला मी हौदाला दोन प्रदक्षिणा घातल्या. तोटीच नव्हती. डोंगरातून झरा येतो आणि खाली ओढ्याला मिळतो, मधे फक्त तो हौदात क्षणभर थांबतो, हे लक्षात यायला मला जरा वेळच लागला. मग ओंजळ भरून प्यायले. दात कळवळले, पण पाणी असं गोड, की पुन्हा प्यायले.

प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकीत लाल फुलं. गोठ्याच्या खिडकीतसुद्धा. गायींना फुलं कशाला लागतात बाई, असं मनात आलं, पण आवडलं. मोडकं काही दिसेना, पडकं काही दिसेना. एका जुन्या कुंपणाची एकच फळी नवी होती, बाकीच्या काळ्या पडलेल्या. म्हणजे मोडली की लगेच बदलतात. आमच्या गल्लीतलं फाटक चार दिवाळ्या एका बिजागरीवर लटकत होतं, ते आठवलं आणि मी मुकाट्याने पुढे गेले. चहाची टपरी मात्र कुठे नव्हती. टपरी नाही म्हणजे चार माणसं बसतात कुठे, आणि बसत नसतील तर ते गाव कसलं? हा एक मुद्दा मी मुलीला सांगायला राखून ठेवला.

माणसं सगळी वर होती, उतारावर. गवत कापून वाळत घातलं होतं आणि ते गोळा करायची गडबड चालली होती. तो उतार असा, की मी नुसती उभी राहिले असते तर घसरत थेट हौदात आले असते. आणि तिथे सत्तरीच्या बाया हातात लाकडी दाताळी घेऊन सराईतपणे गवत खाली ओढत होत्या. यंत्र जिथे जात नाही तिथे माणसं लांब दांड्याच्या विळ्याने कापत होती. घरातलं कोणी घरात राहिलेलं नव्हतं. मधूनच एखादी मान वर करून पलीकडच्या शिखराकडे बघायची. तिथे काळा ढग जमत होता. हे गवत म्हणजे त्यांच्या गायींचं हिवाळ्याचं अन्न; वाळलेलं भिजलं की कुजतं, हे खेड्यात न राहिलेल्या मलाही समजत होतं. त्या म्हाताऱ्यांचे हात बघून मी तोंडात बोटं घातली. काय तब्येती, आणि कसली ती जिद्द!

मी जवळून गेले की प्रत्येक जण मान हलवून त्यांच्या भाषेत देवाचं नाव घेतलेला नमस्कार करायचा. मी पण 'जय महाकाल' म्हणत गेले. एका आजोबांनी तर टोपी काढली. पण थांबून बोलायला कोणी आलं नाही. मान हलवली, की पुन्हा गवताला. मी मनात म्हटलं, हेच ते. रीत आहे, टापटीप आहे, कष्ट तर विचारू नका. पण जिव्हाळा? पोर आजारी पडली तर ह्या सरळ रचलेल्या सरपणाला हाक मारायची का? बघून मन भरत होतं आणि त्याच वेळी दोन तिकिटांचा माझा निश्चय आणखी घट्ट होत होता.

घरं संपली त्याच्या जरा वर एक छोटंसं देऊळ होतं. त्यांचं हो, मेरीमातेचं. चार माणसं मावतील एवढंच. दार उघडं. मी बूट बाहेर काढले आणि आत गेले. अंधार, गारवा, जॅमच्या बाटलीत ताजी रानफुलं, आणि कडेवर बाळ घेतलेली आई. दाराशीच वरून एक दोरी लोंबत होती. वर बघितलं तर घंटा.

आता मी उज्जैनची. जन्म महाकालाच्या गावात गेला. घंटा दिसली आणि हात वर गेला नाही असं आजवर झालेलं नाही. देवाला आल्याची वर्दी दिल्याशिवाय नमस्कार करायचा तरी कसा? घंटा उंच आहे म्हणून दोरी बांधली असेल, एवढाच विचार केला आणि ओढली. वाजली नाही. जरा जोराने ओढली, तरी नाही. मग मी पदर खोचला, दोन्ही हातांनी धरून असा हिसका दिला, की वर एकदम घण्ण झालं. आणि मग ती थांबेना! आपली घंटा टोल दिला की वाजते आणि गप्प बसते. ही झोके घेत वाजतच राहिली, आणि दोरी माझ्या हातातून वर-खाली नाचायला लागली. आवाज तर केवढा, समोरच्या डोंगरावर जाऊन परत येत होता. मला वाटलं, वा! देवाने चांगलंच ऐकलं.

हात जोडून मी डोळे मिटले. म्हटलं, बाई, तुझ्याही कडेवर लेकरू आहे, तुला काय सांगायचं. माझी पोर माझ्याबरोबर येऊ दे. इथे तिला कोणी नाही.

डोळे उघडले ते बाहेरच्या पावलांच्या आवाजाने. दारात येऊन बघते, तर उतार रिकामा. दाताळी जिथल्या तिथे पडलेली, गवत तसंच, आणि सगळं गाव माझ्या दिशेने पळत येतंय. वरून, खालून, कुंपणावरून उड्या टाकून. एकाच्या खांद्यावर दोरखंड, एकाच्या हातात कुऱ्हाड, दोघी बाया बादल्या घेऊन, खालून ट्रॅक्टरचा आवाज. टोपी काढणारे आजोबासुद्धा, एका हाताने कंबर धरून. माझे डोळे पांढरे झाले.

सगळ्यांत पुढे आमची घरमालकीण होती. तिचं शेत देवळाच्या अगदी खालीच. सत्तरीची बाई, तोंड लालभडक झालेलं, धापा टाकत आली आणि तिने माझे दोन्ही खांदे धरले. काहीतरी विचारलं. मला काय कळणार? मग तिने खांदे सोडले, दोन्ही हातांची झोळी केली, बाळाला जोजवतात तशी हलवली, आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली.

बाळ? बाळाला काही झालं का?

परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की आम्हा उज्जैनवाल्यांच्या तोंडून आपोआप हिंदी निघते. मी ओरडले, "नहीं, नहीं! बच्ची ठीक है! सब ठीक है! ओके, बेबी ओके!" त्यातलं शेवटचं तिला कळलं. ती मागे वळून लोकांना काही तरी म्हणाली आणि पायरीवर मटकन बसली. छातीवर हात ठेवून बसून राहिली. आणि तो जमाव, काय सांगू, सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड खाली ठेवली. एका बाईने डोळे पुसले. मला ओळखत नव्हती ती, मी तिला ओळखत नव्हते.

तेवढ्यात माझी मुलगी आली. बाळाला छातीशी धरून, केस विस्कटलेले, पायात घरातल्या सपाता. तिला वाटलं, मलाच काही झालं. "आई, काय झालं? कशाला वाजवलीस?"

"देवळात आले म्हणून वाजवली. नमस्कार करायला!"

तिने त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ते आजोबा गुडघ्यांवर हात टेकून हसायला लागले, ते हसतच राहिले, आणि बाकीचेही हसले. कोणी कपाळाला आठी घातली नाही. मुलीने मला सांगितलं, की बंब खालच्या गावाहून वर यायला फार वेळ लागतो. म्हणून आग लागली, दरड आली, कोणी कड्यावरून पडलं, तर ही घंटा वाजवायची, आणि ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं टाकून निघायचं. एरवी तिला कोणी हात लावत नाही.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण स्वभाव जातो कुठे? मी म्हटलं, "ह्या घरमालकिणीला विचार, बाळाची एवढी काळजी होती तर सव्वा महिन्यात एकदा तरी वर का नाही आली?"

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "अगं आई, तूच ना म्हणालीस सव्वा महिना बाहेरचं कोणी नको? मी तिला तसं सांगितलं. तिने सगळ्या गावाला सांगितलं. ती माणसं दिवस मोजतायत. तिचा कोंबडा पहाटे ओरडतो, बाळाची झोपमोड होईल म्हणून तिने तो बहिणीच्या घरी नेऊन ठेवलाय."

आमच्या घराण्याचा नियम, जो माझी धाकटी जाऊसुद्धा मनावर घेत नाही, तो ह्या सगळ्या गावाने एक अक्षर न विचारता पाळला होता. आणि मी खिडकीत बसून त्यांना माणूसघाणी म्हणत होते. मला इतकं भरून आलं, की मी तिथेच पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा पहिले थेंब आले. सगळ्यांच्या माना एकदम उताराकडे वळल्या. गवत तसंच पसरलेलं होतं. जसे आले तसेच पळाले, ज्याला जे शेत जवळ तिथे. कोणाचं कोणतं हे बघायला वेळ नव्हता. घरमालकीणही उठली. पण धावून आली होती ना बिचारी, गुडघे उभे राहू देईनात. पुन्हा बसली. खाली तिचं गवत, वर ढग, आणि ती नुसती बघत होती.

मी मुलीच्या हातातून बाळ घेतलं आणि त्या बाईच्या मांडीवर ठेवलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, हात स्वेटरला पुसले, आणि मग बाळाचं डोकं असं अलगद सावरलं, की मला काही सांगायची गरजच पडली नाही. दोघी आत सरकल्या, ओल येणार नाही अशा कोपऱ्यात.

मुलगी थक्क. "आई, तू बाळ दिलंस?"

"मग काय गवत भिजू देऊ? तू आत बस तिच्याजवळ. ओल्यात यायचं नाही, अजून कच्चं अंग आहे तुझं."

पदर कमरेला घट्ट खोचला, पडलेलं एक दाताळं उचललं आणि मी उतरले. मला काय येत होतं! दोनदा सपशेल बसले, साडीची वाट लागली, माझ्यापेक्षा थोराड बाई शेजारून माझ्या चौपट गवत ओढत होती आणि मधूनच मला हाताने दाखवत होती, असं नाही, असं. निम्मं गवत वाचलं, निम्मं भिजलं. भिजलं ते माझ्या घंटेपायी. पण संध्याकाळी घरमालकीण पहिल्यांदा जिना चढून आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या हातात बाळासाठी विणलेले मोजे होते, आणि गवताचा विषय तिने काढलाच नाही.

रात्री जेवताना जावयांनी भीतभीतच विचारलं, "मग उद्या तिकिटांचं काय करू, आई?"

मुलीचा हात ताटातच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"माझं काढा," मी म्हटलं. "हिची माणसं इथे आहेत."